वीस रुपयांचा हिशेब

आईच्या जुन्या ट्रंकेतून निघालेल्या जमाखर्चाच्या वह्यांपैकी १९६२ सालची एक वही मी अजून जपून ठेवली आहे. लाल कापडी बांधणीची, उभी, पहिल्या पानावर श्री आणि खाली तारीख. दिवाळीच्या सुट्टीत नातवंडे घरी आली की ती वही बाहेर निघते. तांदूळ, साखर, दूध, रॉकेल यांचे त्या काळचे भाव मोठ्याने वाचायचे आणि हसायचे, हा त्यांचा खेळ. या खेपेला धाकट्या नातवाने सरळ निष्कर्ष काढला, की एवढी स्वस्ताई होती म्हणजे आजोबा लहानपणी चैनीत वाढले असणार. मी त्याच्या हातून वही घेतली आणि महिन्याचे पहिले पान उघडून दाखवले. जमेच्या बाजूला एकच आकडा होता. वडिलांचा पगार, १६५ रुपये. घरात खाणारी तोंडे सात. त्याच वहीत दिवाळीच्या महिन्यात आईने रेडिओसाठी म्हणून वीस रुपये बाजूला काढलेले दिसतात, आणि पुढे दोनच महिन्यांत डॉक्टर व औषधे या नावाखाली तेच वीस रुपये खर्ची पडलेले दिसतात. रेडिओ आमच्या घरी आला तो त्यानंतर चार वर्षांनी.

नातवाला ते कितपत उमगले कोण जाणे. पण त्याच आठवड्यात तोच धडा मला स्वतःला गिरवावा लागला. आमच्याकडे अकरा वर्षे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींनी पगारात पाचशे रुपये वाढवून मागितले. मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. आकडा दिसला की माझी जीभ चालू लागते. महागाई किती टक्के वाढली ते पेपरात छापून आले होते. गेल्या वर्षी मी त्याहून अधिक, चांगली दहा टक्के वाढ दिली होती. म्हणजे हिशेबाने मावशी आज पूर्वीपेक्षा सुखात असायला हव्यात, असे मी त्यांना समजावून सांगितले. मावशी वाद घालणाऱ्या नाहीत. जाता जाता एवढेच म्हणाल्या, की खोलीचे भाडे हजाराने वाढले आणि डाळ आता रोज शिजत नाही. त्या गेल्यावर पत्नी काही बोलली नाही. तिच्या न बोलण्याचा अर्थ इतक्या वर्षांत मला चांगला कळू लागला आहे.

त्या रात्री मला दादाभाई नौरोजी आठवले.

माझी बँकेची अर्धी नोकरी फोर्टात गेली. दुपारी डबा खाऊन पाय मोकळे करायला निघालो की हुतात्मा चौकाजवळ दादाभाईंचा बसलेला पुतळा दिसे. डोक्यावर पारशी पगडी, भरघोस दाढी, आणि बहुधा खांद्यावर एखादा कावळा. त्यांच्याच नावाचा रस्ता पुढे बोरीबंदरकडे जातो. शाळेत आम्ही त्यांच्याबद्दल दोन गोष्टी पाठ केल्या होत्या. ते भारताचे पितामह, आणि इंग्रजांनी देशाची संपत्ती कशी वाहून नेली हे त्यांनी सांगितले. परीक्षेत तेवढ्यावर गुण मिळत. निवृत्तीनंतर वाचनालयातून त्यांचे जाडजूड पुस्तक आणून वाचू लागलो तेव्हा कळले, की हा माणूस आयुष्यभर एका साध्या प्रश्नाचा पिच्छा पुरवत होता. तो प्रश्न आमच्या आईचा होता आणि मावशींचाही आहे. हातात येणाऱ्या पैशात पोट भरण्याइतके विकत घेता येते की नाही? अर्थशास्त्राच्या पुस्तकात याला क्रयशक्ती म्हणतात. आपल्या घरांत याला ऐपत म्हणतात.

दादाभाईंचा जन्म ४ सप्टेंबर १८२५ चा. घराणे नवसारीकडच्या पारशी पुरोहितांचे, परिस्थिती गरिबीची. मुलगा चार वर्षांचा असताना वडील गेले. आई माणेकबाई स्वतः शिकलेल्या नव्हत्या, पण मुलाच्या शिक्षणात त्यांनी कसर ठेवली नाही. त्या काळच्या रीतीप्रमाणे दादाभाईंचे लग्न अकराव्या वर्षीच गुलबाईंशी लागले. मुंबईत तेव्हा नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत फी पडत नसे. फी असती तर विधवेच्या या मुलाचे शिक्षण तिथेच थांबले असते, हे दादाभाईंनी उतारवयात आपल्या आठवणींत नमूद करून ठेवले आहे. शाळेतून ते एल्फिन्स्टनमध्ये गेले. गणितात त्यांची बुद्धी अशी चाले, की न्यायाधीश सर अर्स्किन पेरी यांनी त्यांना बॅरिस्टरीसाठी विलायतेला पाठवायची तयारी दाखवली आणि निम्मा खर्च स्वतः उचलू केला. पण मुलगा तिकडे जाऊन धर्म बदलेल, या धास्तीने समाजातील वडीलधाऱ्यांनी ते होऊ दिले नाही.

फुकट मिळालेल्या शिक्षणाचा विचार मात्र दादाभाईंच्या मनात घर करून राहिला. फुकट म्हणजे कोणाच्या तरी पैशाने. सरकारी तिजोरीत तो पैसा येतो कुठून? शेतकरी सारा देतो, गरीब माणूस मिठावर कर देतो, त्यातून. म्हणजे ज्याला स्वतःच्या मुलाला शाळेत घालणे परवडत नाही त्याने आपली फी भरली आहे, आणि हे ऋण फेडले पाहिजे. इतक्या कोवळ्या वयात खर्चाच्या आकड्यामागचा माणूस शोधण्याची ही खोड त्यांना लागली ती पुढे कधी सुटली नाही.

ऋणाची फेड त्यांनी लगेच सुरू केली. १८४८ मध्ये एल्फिन्स्टनच्या तरुणांनी विद्यार्थ्यांची साहित्य व शास्त्रविषयक सभा काढली, तिच्यात दादाभाई पुढे होते. पुढच्याच वर्षी या सभेने मुंबईत मराठी आणि पारशी मुलींच्या शाळा सुरू केल्या. ही तरुण मंडळी घरोघर जाऊन मुलींच्या आईबापांची मनधरणी करीत आणि फुकट शिकवीत. १८५१ मध्ये दादाभाईंनी रास्त गोफ्तार हे गुजराती पत्र काढले. १८५२ मध्ये नाना शंकरशेट यांच्यासारख्या थोरांबरोबर बॉम्बे असोसिएशनच्या स्थापनेत ते होते. तिशीच्या आत एल्फिन्स्टन कॉलेजात गणित आणि पदार्थविज्ञानाच्या अध्यापकाच्या जागेवर ते बसले. ती जागा मिळालेले ते पहिले हिंदी गृहस्थ.

एवढी मानाची नोकरी सोडून १८५५ मध्ये दादाभाई कामा कंपनीचे भागीदार म्हणून विलायतेला गेले. हिंदी व्यापाऱ्यांनी इंग्लंडमध्ये उघडलेली ती पहिली पेढी. पण अफू आणि दारूच्या व्यापारातला नफा त्यांना पचेना. त्यांनी भागीदारी सोडली आणि १८५९ मध्ये स्वतःची पेढी काढून कापसाचा धंदा धरला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ते गुजरातीचे प्राध्यापकही होते.

नंतर आला तो कापसाच्या सोन्याचा काळ. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस बंद झाला आणि लँकेशायरच्या गिरण्या हिंदी कापसासाठी वाटेल तो भाव देऊ लागल्या. मुंबईत पैशाचा पूर आला. बँका निघाल्या, समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्या निघाल्या, बॅकबेच्या शेअरांमागे शहर वेडे झाले. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि तो सगळा डोलारा कोसळला. दादाभाईंची पेढीही पुढच्या वर्षी बुडाली. अडचणीतल्या एका मित्राला हात द्यायला गेले आणि स्वतः अडकले. त्यांचा सचोटीचा लौकिक असा, की देणेकऱ्यांनीच त्यांना सांभाळून घेतले. पण त्या चार वर्षांनी एक गोष्ट स्पष्ट दिसली होती. शहरात नाणे खुळखुळते, भाव चढतात, आणि त्याच वेळी रोजंदारीवाल्याच्या पदरात पडणारे धान्य कमी होते, असे होऊ शकते. पैसा वाढला म्हणजे ऐपत वाढली असे नव्हे.

त्यातच १८६६ चा ओरिसातला दुष्काळ आला. सुमारे दहा लाख माणसे मेली. दादाभाई तेव्हा लंडनमध्ये होते. त्यांनी त्याच वर्षी ईस्ट इंडिया असोसिएशन काढली आणि एक प्रश्न जाहीरपणे विचारायला सुरुवात केली. हिंदुस्थान इंग्रजी अमलाखाली समृद्ध होत आहे असे सरकार दरसाल सांगते. मग एक पावसाळा चुकला तर माणसे किड्यामुंग्यांसारखी का मरतात? समृद्ध माणसाच्या गाठीला एका वर्षाचीही बेगमी नसते काय?

सरकारजवळ याचे उत्तर नव्हते, कारण देशातल्या माणसाच्या वाट्याला वर्षाकाठी येते किती, हे कोणी मोजलेच नव्हते. तेव्हा गणिताचा हा माजी प्राध्यापक स्वतः मोजायला बसला.

त्यांची पद्धत कोणाही गृहिणीला समजेल अशी आहे. १८६७-६८ च्या सुमारास प्रत्येक प्रांतात कोणते पीक किती एकरांत होते, एकरी किती उतरते, बाजारात त्याला काय भाव येतो, हे त्यांनी सरकारच्याच अहवालांतून काढले. तिथे त्यांना सरकारी हिशेबातली एक गंमत सापडली. अधिकारी निरनिराळ्या पिकांच्या एकरी उत्पन्नाची बेरीज करून पिकांच्या संख्येने भागत, कोणते पीक किती जमिनीत आहे ते पाहतच नसत. आपण एक साधे उदाहरण घेऊ. एका गावात ९० एकर ज्वारी आहे, तिचे एकरी उत्पन्न १० रुपये. आणि १० एकर ऊस आहे, त्याचे एकरी ९० रुपये. सरकारी सरासरी निघते एकरी ५० रुपये. पण गावाचे सगळे उत्पन्न मोजले तर ९०० अधिक ९००, म्हणजे १८०० रुपये, आणि एकरी पडतात १८. कागदावर ५० आणि शिवारात १८. अशा सरासऱ्यांवर देशाची भरभराट उभी होती.

दादाभाईंनी खरा हिशेब मांडला. शेतीचे उत्पन्न घेतले, त्यातून बियाणे वजा केले. मीठ, अफू, कोळसा, व्यापार, कारागिरी यांची भर घातली. काही सुटले असेल तर असावे म्हणून हात सैल सोडून आणखी रक्कम मिळवली. बेरीज आली ३४० कोटी रुपये. ब्रिटिश हिंदुस्थानची लोकसंख्या धरली १७ कोटी. भागाकार आला माणशी वर्षाला २० रुपये.

हा आकडा शाळेच्या पुस्तकात असतो. पुस्तकात बहुधा नसते ते दादाभाईंचे पुढचे पाऊल, आणि माझ्या मते त्यांचे खरे मोठेपण तिथे आहे. वीस रुपये म्हणजे थोडे की पुष्कळ? नुसत्या आकड्यावरून ते कळत नाही. १६५ रुपये पगार थोडा की पुष्कळ, हे जसे वहीची खर्चाची बाजू पाहिल्याशिवाय सांगता येत नाही, तसेच. म्हणून दादाभाईंनी खर्चाची बाजू उघडली. माणूस जिवंत आणि धडधाकट राहायला कमीत कमी काय लागते, हे ठरवायला त्यांनी आपले मन प्रमाण मानले नाही. सरकारलाच साक्षीला बोलावले. परदेशी मळ्यांवर पाठवल्या जाणाऱ्या मजुरांना जहाजावर, नुसते बसून असताना, काय खायला द्यावे याचे सरकारी वैद्यकीय प्रमाण ठरलेले होते. तांदूळ किंवा पीठ, डाळ, मटण, भाजी, तूप, तेल, मीठ. त्या काळच्या भावाने एवढ्याला प्रांतोप्रांती वर्षाला १६ ते ३५ रुपये पडत. मग त्यांनी तुरुंगांचे अहवाल काढले. चोर-दरोडेखोरांच्या अन्नवस्त्रावर सरकार माणशी किती खर्च करते, ते प्रांतवार मांडले आणि शेजारी त्याच प्रांतातल्या स्वतंत्र माणसाचे वार्षिक उत्पन्न ठेवले. आपल्या मुंबई इलाख्यात कैद्यावरचा खर्च बाहेरच्या माणसाच्या वाट्याच्या दुपटीहून अधिक निघाला. म्हणजे रात्रंदिवस राबणाऱ्या कुणब्याला सरकारच्या चोराइतकेही खायला मिळत नव्हते.

बरे, या हिशेबात सण नाही, लग्नकार्य नाही, मर्तिक नाही, आजारपण नाही, पुढच्या दुष्काळासाठी बाजूला टाकलेली दमडी नाही, हेही दादाभाईंनी बजावून सांगितले. शिवाय २० रुपये ही सरासरी. साहेब, सावकार, संस्थानिक यांनी आपापला वाटा आधी उचलल्यावर तळच्या माणसाला उरते ते याहून कितीतरी कमी. सरासरीत बुडून माणूस कसा नाहीसा होतो, हे त्यांनी दीडशे वर्षांपूर्वी ओळखले होते. मी मात्र परवा मावशींना सरासरीच तोंडावर फेकली होती.

१८७३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटच्या समितीपुढे दादाभाईंची साक्ष झाली. मध्यंतरी वर्षभर बडोद्याची दिवाणगिरी करून, तिथला कारभार आणि रेसिडेंटाशी झालेला झगडा अनुभवून ते मुंबईस परतले आणि १८७६ मध्ये दारिद्र्यावरचा आपला निबंध त्यांनी मुंबईच्या सभेत वाचला. त्यात सरकारी बाजूचे आणखी एक लाडके प्रमेय त्यांनी तपासले आहे. सरकारचे म्हणणे असे, की हिंदुस्थानात धान्याचे भाव चढले आहेत, मजुरी चढली आहे, चांदी देशात येते आहे, अर्थी लोक सुखी आहेत. दादाभाईंनी विचारले, भाव चढले ते लोकांची ऐपत वाढली म्हणून, की धान्य कमी पिकले म्हणून? मजुरी चढली ती कुठे? रेल्वेचे काम जिथे चालले आहे त्या पट्ट्यात. तिथला आकडा उचलून तो साऱ्या प्रांताच्या माथी कसा मारता येईल? महागाई आपोआप समृद्धीची खूण नव्हे, आणि स्वस्ताईही सुखाची खूण नव्हे. स्वस्त धान्यसुद्धा विकत घ्यायला हातात काही असावे लागते.

याचा पुरावा देण्यासाठी नियतीने फार दिवस घेतले नाहीत. त्याच १८७६ साली पाऊस दगा देऊन गेला. सोलापूर, नगर, विजापूरपासून खाली म्हैसूर-मद्रासपर्यंत दोन वर्षे जो दुष्काळ पडला त्यात देशभरात पन्नास लाखांहून अधिक माणसे दगावली असे सरकारनेच मान्य केले. या वेळी आगगाडी होती. धान्याच्या वाघिणी रुळांवरून जात होत्या. व्यापाऱ्यांच्या कोठारांत माल होता. नव्हता तो शेतमजुराच्या, विणकराच्या कनवटीला पैसा. दुष्काळी कामांवर सर रिचर्ड टेंपल यांनी रोजी ठरवली ती दिवसाला एक पौंड धान्य आणि वर अर्ध्या-एक आण्याची चिल्लर. एक पौंड म्हणजे अर्धा किलोसुद्धा नाही, आणि तेही खडी फोडणाऱ्या माणसाला. आपल्या इलाख्यात हजारो मजूर काम सोडून निघून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गणेश वासुदेव जोशी यांच्या पुढाकाराने गावोगावची माहिती गोळा करून सरकारच्या पुढ्यात टाकली. १८८० च्या दुष्काळ आयोगानेही पुढे मान्य केले, की लोक मेले ते देशात अन्नच नव्हते म्हणून नव्हे. काम बुडाले, मजुरी बुडाली आणि अन्न विकत घेण्याची ताकद गेली म्हणून.

ही ताकद जाते कुठे? दादाभाईंचा प्रसिद्ध सिद्धांत हे या प्रश्नाचे उत्तर आहे. त्याला आपण संपत्तीचे वहन किंवा लूट म्हणून पाठ करतो, पण त्यातली यंत्रणा रोजच्या व्यवहाराची आहे. समजा, गावातल्या सावकाराने सारा पैसा गोळा केला तरी तो गावातच घर बांधतो, गवंड्याला मजुरी देतो, गवंडी विणकराकडून धोतर घेतो, विणकर कुणब्याकडून ज्वारी घेतो. रुपया फिरतो आणि प्रत्येकाची चूल पेटवून जातो. पण कराचा रुपया लंडनच्या कचेरीच्या खर्चाला, तिकडे राहणाऱ्या साहेबाच्या पेन्शनीला, इथल्या साहेबाच्या बचतीला जाऊ लागला की तो बोटीवर चढतो आणि परत येत नाही. इथला विणकर, सुतार, कुणबी यांच्या मालाला तेवढे गिऱ्हाईक कमी होते. दरसाल असे गिऱ्हाईक कमी होत गेले की देशात भांडवल साठत नाही, आणि भांडवल नाही म्हणून उत्पन्न वाढत नाही.

हे सांगताना त्यांनी इंग्रज व्यापाऱ्यालाही त्याच्याच स्वार्थाची भाषा ऐकवली. हिंदुस्थानच्या कोट्यवधी लोकांपैकी प्रत्येकाची ऐपत वर्षाला एका पौंडाचा विलायती माल घेण्याइतकी वाढली, तर मँचेस्टरच्या गिरण्यांना जगात दुसरे गिऱ्हाईक शोधावे लागणार नाही. तुम्ही ज्याचे खिसे रिकामे करता त्यालाच माल विकू पाहता, हा कसला व्यापार? गिऱ्हाइकाची ऐपत हीच बाजाराची खरी दौलत, ही गोष्ट त्यांनी एकोणिसाव्या शतकात सांगून ठेवली.

सगळ्यांना त्यांचे म्हणणे पटले असे नाही. १८८२ मध्ये लॉर्ड रिपनचे अर्थमंत्री बेअरिंग यांनी माणशी उत्पन्न २७ रुपये सांगितले, १९०१ मध्ये लॉर्ड कर्झन यांनी ते ३० वर नेले आणि प्रगती झाली म्हणून दाखवले. त्या वीस वर्षांत धान्य किती महागले हे त्या वाढीतून वजा केल्याशिवाय प्रगती कशी ठरणार, हा प्रश्न दादाभाईंच्या पठडीतला. आपल्याकडे न्यायमूर्ती रानडे यांचा भर वेगळा होता. बाहेर जाणाऱ्या पैशाच्या वादात देशात उद्योगधंदे नाहीत या मूळ दुखण्याकडे दुर्लक्ष होऊ नये, असे त्यांनी पुण्यात सांगितले. दादाभाईंच्या आकड्यांतही पुढच्या अभ्यासकांनी दुरुस्त्या केल्या. पण आकडा चुकेल म्हणून मोजायचेच नाही, ही सबब त्यांनी कायमची काढून घेतली.

आपले म्हणणे राज्यकर्त्यांच्या दारात जाऊन मांडायचे म्हणून साठीतले दादाभाई पुन्हा लंडनला गेले. १८८६ ची निवडणूक हरले. काळ्या माणसाला इंग्रज मतदार निवडून देणार नाहीत अशी टीका खुद्द पंतप्रधान सॉल्सबरी यांनी केली, तर तिचाच त्यांना फायदा झाला. १८९२ मध्ये लंडनच्या सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून अवघ्या पाच मतांनी ते निवडून आले. घड्याळजी, कारागीर, कारकून अशा कष्टकऱ्यांची ती वस्ती. पार्लमेंटमध्ये त्यांनी हिंदुस्थानची बाजू मांडली, तशी आयर्लंडच्या स्वराज्याचीही मांडली. १८९५ मध्ये ते हरले, पण त्याच वर्षी हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगावर त्यांची नेमणूक झाली. त्या आयोगापुढे १८९७ मध्ये साक्ष द्यायला पुण्याचे तरुण गोपाळ कृष्ण गोखले गेले. १९०१ मध्ये दादाभाईंनी आपले निबंध, पत्रव्यवहार, तक्ते एकत्र करून पॉव्हर्टी अँड अन्-ब्रिटिश रूल इन इंडिया हा ग्रंथ छापला. सातशेच्या आसपास पानांच्या त्या पुस्तकात भाषणबाजी थोडी आणि तक्तेच जास्त.

तीस-चाळीस वर्षे तेच आकडे मांडून, अर्ज करून, विनवून काय मिळाले? या मधल्या काळात १८९६ आणि १८९९ चे दोन भीषण दुष्काळ येऊन गेले. १९०६ मध्ये वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी ते तिसऱ्यांदा काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून कलकत्त्याला उभे राहिले. आवाज क्षीण झाला होता, म्हणून भाषण गोखल्यांनी वाचले. त्यात त्यांनी स्वराज्याची मागणी केली. मला वाटते, ही मागणी भावनेच्या भरात आलेली नव्हती. जमा आणि खर्च दोन्ही बाजू पन्नास वर्षे तपासल्यावर, वही आपल्या हाती असल्याशिवाय हिशेब जुळणार नाही, या निष्कर्षाला हा गणिती पोचला होता. पुढच्या वर्षी ते मायदेशी परतले आणि वर्सोव्याला समुद्रकाठी राहिले. ३० जून १९१७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. २०२५ मध्ये त्यांच्या जन्माला दोनशे वर्षे झाली.

त्यांनी आखलेली ती दोन रकान्यांची पद्धत मात्र चालू राहिली. माणसाला कमीत कमी लागते काय आणि त्याच्याजवळ आहे किती, हे शेजारी ठेवून पाहायचे. १९७१ मध्ये पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी स्वतंत्र भारतातल्या दारिद्र्याचा जो गाजलेला अभ्यास केला, त्यातही पोटाला किती उष्मांक लागतात आणि तेवढे अन्न घेण्याइतका खर्च किती जणांना झेपतो, हाच प्रश्न होता. दारिद्र्यरेषेवरून आजही विद्वानांत वाद होतात, ते रेषा कुठे काढायची यावरून. रेषा काढायची असते हे दादाभाईंनी शिकवले.

नोकरीत असताना मला महागाई भत्ता होता. निर्देशांक चढला की भत्ता चढे. त्यासाठी मला कोणाच्या दारात उभे राहावे लागले नाही. मावशींना असला निर्देशांक नाही. दुसऱ्या दिवशी त्या आल्या तेव्हा पत्नीने त्यांना चहाला बसवले आणि मी आईच्या त्या वहीचे मागचे कोरे पान उघडले. मधोमध रेघ मारली. जमेच्या बाजूला चार घरांचे मिळून अकरा हजार. गेल्या वर्षी दहा होते. चारही घरांनी दहा-दहा टक्के वाढ दिली होती. खर्चाच्या बाजूला खोलीभाडे चार हजार, गॅस आणि वीज तेराशे, किराणा-दूध-भाजी बेचाळीसशे, मुलीची फी आणि जाणे-येणे पंधराशे, रक्तदाबाच्या गोळ्या चारशे. बेरीज अकरा हजार चारशे. आम्ही चार घरांनी मिळून दिलेली हजाराची वाढ एकट्या घरमालकाने उचलून नेली होती. वर आलेली महागाई मावशींनी डाळीतून भागवली होती. पेपरातल्या टक्केवारीत भाडे, डाळ, मोबाइल, विमानाचे तिकीट सगळे एकत्र कालवलेले असते. मावशींच्या टोपलीत विमानाचे तिकीट नाही.

सण, पाहुणा, आजारपण यांच्यापुढे काय लिहू, असे मी विचारले. मावशी हसल्या आणि म्हणाल्या, ते लिहू नका, ते उसनेच असते.

पाचशे रुपये त्या महिन्यापासून वाढले. बाकीच्या तीन घरांशी पत्नी बोलली. दोघांनी ऐकले, एकाने नाही. दर दिवाळीला ते पान पुन्हा लिहायचे असे आम्ही ठरवले आहे. पुढच्या सुट्टीत नातू येईल तेव्हा त्याला १९६२ चे भाव वाचायला देईनच, पण त्याआधी हे शेवटचे पान वाचून घेईन. बेरीज त्यानेच करायची.